समोर उभी असलेली आत्या दिसली का नाही?

इंदूरच्याच एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात देते. "गेल्या महिन्यात खजुरी बाजारात माझ्या स्कूटरची किल्ली पडली. वाकून वाकून शोधत होते. तेवढ्यात माझी सख्खी आत्या समोर येऊन उभी राहिली, हातभर अंतरावर. मी मान वर केली, तिच्याकडे बघितलं, आणि पुन्हा खाली बघत पुढे निघून गेले. मला यातलं काहीही आठवत नाही. तिनेच संध्याकाळी फोन करून सांगितलं. ती म्हणते, मुद्दाम ओळख दाखवली नाहीस. मी ४७ वर्षांची आहे. वडिलांना शेवटची तीन वर्षं घरातली माणसंही ओळखू येत नव्हती. माझंही तेच सुरू झालंय का?"

ताई, तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून हे वडिलांच्या आजाराचं लक्षण वाटत नाही. आणि आत्याही खोटं बोलत नाहीत. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत, त्यांचा चेहरा तुमच्या डोळ्यांत उतरला, इथपर्यंत सगळं त्या म्हणतात तसंच झालं असणार. पण डोळ्यांत उतरलेल्या चेहऱ्याची 'आत्या' व्हायला मेंदूत पुढे जे घडावं लागतं, ते त्या दोन-तीन सेकंदांत घडलं नाही. तुमचा मेंदू सगळाच्या सगळा किल्लीच्या मागे होता.

मी चोवीस वर्षं इंदुरात न्यूरोसायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. लकवा मारलेली, अपघातात डोक्याला मार बसलेली, विसरणं वाढत चाललेली माणसं आणि त्यांच्या घरचे माझ्यासमोर बसतात. 'ओळख दाखवली नाही' हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय, आणि त्यावरून बोलणं बंद झालेली इतकी नाती पाहिली आहेत, की तुम्हाला चार ओळींत 'काळजी करू नका' म्हणून मोकळं व्हावं असं मला वाटत नाही.

आपली समजूत अशी असते की डोळे उघडे असले आणि समोर माणूस असला की तो दिसतोच. ओळख द्यायची की नाही हे मन नंतर ठरवतं. म्हणून तर 'बघून न बघितल्यासारखं केलं' हा बोल इतका लागतो. मेंदूतला क्रम मात्र असा नाही.

डोळ्यांनी पाठवलेली खबर आधी डोक्याच्या अगदी मागच्या भागात पोचते. तिथे कडा, रेघा, उजेड-अंधार, रंग एवढंच वेगळं होतं. तिथून एक वाट मेंदूच्या तळाने कानांच्या दिशेला जाते आणि या वाटेवर त्या रेघांच्या वस्तू होतात. याच वाटेवर, बहुतेकांमध्ये उजव्या बाजूला जास्त ठळक असा, साधारण बोराएवढा एक भाग आहे. समोर चेहरा आला की तो इतर कशाहीपेक्षा जोराने काम करतो. १९९७ मध्ये अमेरिकेत नॅन्सी कॅन्विशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एफएमआरआय तपासणीतून, म्हणजे मेंदूचा कोणता भाग त्या क्षणी जास्त काम करतोय हे दाखवणाऱ्या तपासणीतून, तो नेमका दाखवला आणि त्याला फ्युजिफॉर्म फेस एरिया हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी रसेल एपस्टाइन आणि कॅन्विशर यांनी घरं, खोल्या, रस्ते अशा जागांसाठी चालणारा दुसरा भाग दाखवला, पॅराहिप्पोकॅम्पल प्लेस एरिया. हा चेहऱ्यांचा भाग फक्त चेहऱ्यांचाच, की ज्या कशात माणूस तरबेज होतो त्या सगळ्याचा, यावर पुष्कळ वाद झाला आहे. पक्ष्यांचे जाणकार पक्षी बघताना आणि गाड्यांचे जाणकार गाड्या बघताना हा भाग जास्त चालतो, असं २००० मध्ये दाखवलं गेलं. तुमच्या प्रश्नापुरतं त्या वादात शिरायला नको.

पण हा भाग आपल्या बघण्यात किती खोल गुंतलेला आहे, हे एका प्रसंगावरून कळेल. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमध्ये जोसेफ परवीझी या डॉक्टरांनी एका फिट्सच्या रुग्णाच्या मेंदूवर, उपचाराचा भाग म्हणून आधीच बसवलेल्या तारांमधून, नेमक्या या जागी सौम्य वीजप्रवाह सोडला. रुग्ण शुद्धीवर होता. त्याच्या डोळ्यांदेखत समोर उभ्या डॉक्टरांचा चेहरा बदलला, ते कोणी दुसरेच दिसायला लागले. खोलीतलं बाकी सगळं जागच्या जागी होतं. प्रवाह थांबवला आणि डॉक्टर पुन्हा पहिल्यासारखे. चेहरा दिसणं म्हणजे मेंदूने तो त्या क्षणी घडवणं, हे मला एरवी समजावून सांगायला तासभर लागतो.

चेहऱ्याची जागा वेगळी आणि वास्तूची वेगळी, हे कळल्याचा फार मोठा उपयोग झाला. माणूस कशाकडे बघतोय यापेक्षा तो कशाकडे लक्ष देतोय, हे आता बाहेरून मोजता येऊ लागलं.

माझ्या टेबलाच्या खणात एक चित्र आहे. आमच्या घरातल्या एका वयस्कर काकूंचा फोटो, आणि त्याच्यावर इंदूरच्या राजवाड्याची दर्शनी बाजू, दोन्ही अर्धवट पारदर्शक, एकात एक मिसळलेले. भाचीने फोनवर करून दिलं, मी मोठं छापून घेतलं. खिडक्यांची एक ओळ बरोबर काकूंच्या डोळ्यांवरून जाते, आणि मोठ्या दरवाजाची कमान हनुवटीच्या जरा वर येते. येणाऱ्याच्या हातात चित्र देऊन मी म्हणते, राजवाड्याचे मजले मोजा. इंदूरच्या माणसाला सात हे पाठ असतं, पण हातात आलं की तो मोजतोच: खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. बोट काकूंच्या नाकावरून वर सरकत जातं. मोजून झालं की मी चित्र काढून घेते आणि विचारते, बाईंनी चष्मा लावला होता का? टिकली होती का? हसत होत्या का? बहुतेक जण गप्प होतात. चेहरा होता एवढं आठवतं, पुढचं काही नाही. बोट तर चष्म्याच्या काचेवरून गेलेलं असतं!

मग मी चित्र पुन्हा देते आणि सांगते, आता फक्त काकूंकडे बघा. चष्मा दिसतो, काड्या जाडजूड आहेत हेही दिसतं, ओठांच्या कोपऱ्यातलं हसू दिसतं, आणि राजवाडा धुक्यात गेल्यासारखा मागे सरतो. कागद तोच, डोळे तेच, उजेड तोच. बदललं काय, तर शोध.

असाच प्रयोग १९९९ मध्ये कॅथलीन ओक्रेव्हन, पॉल डाउनिंग आणि कॅन्विशर यांनी तपासणी यंत्रात केला. चेहरा आणि घर एकमेकांवर पारदर्शक ठेवले, त्यातलं एक हलतं ठेवलं. चेहऱ्यावर लक्ष द्या म्हटलं की चेहऱ्याचा भाग चढायचा, घरावर द्या म्हटलं की जागेचा. डोळ्यांत मात्र सगळा वेळ दोन्ही होतं. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. लोकांना म्हटलं, चेहरा आणि घर दोन्ही सोडा, फक्त हालचाल कोणत्या दिशेला होते ते सांगा. तेव्हा जे हलत होतं त्याचा भाग आपोआप चढला. चेहरा हलत असेल तर चेहऱ्याचा, जरी चेहऱ्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं तरी. म्हणजे लक्ष एखाद्या गुणाला धरायला गेलं तरी पकडतं ती अख्खी वस्तू, आणि तिच्यात गुंफलेली दुसरी वस्तू, जरी त्याच जागी असली तरी, बाहेर राहते.

तुमच्या किल्लीच्या प्रसंगाला तर २००९ चा मारियस पीलेन, फेई-फेई ली आणि सबीन कास्टनर यांचा प्रयोग अधिकच लागू पडतो. लोकांना रस्त्यांचे साधे फोटो दाखवले, क्षणभरच. काम दिलं: माणसं शोधा, किंवा गाड्या शोधा. ज्याचा शोध चालू होता त्याची नोंद मेंदूत उमटत होती, अगदी ते लक्षाच्या जागेबाहेर असलं तरीही. आणि ज्याचा शोध नव्हता, ते लक्षाच्या बरोबर जागेवर असलं तरी जवळपास उमटत नव्हतं. तुम्ही किल्लीसारखं चमकणारं, लहानसं, धातूचं काहीतरी शोधत होतात. बाजारातलं प्रत्येक बाटलीचं झाकण, चॉकलेटचं चांदीसारखं वेष्टन, नळाचा वायसर तुमच्या मेंदूने पकडला असणार. आत्या बरोबर नजरेसमोर होत्या, पण त्या वेळच्या शोधात त्यांचं नाव नव्हतं.

हे कोण ठरवतं? २०१४ मध्ये डॅनियल बाल्डाउफ आणि रॉबर्ट डेसिमोन यांनी चेहरा आणि घर एकमेकांवर ठेवलेली चित्रं दाखवून मेंदूतल्या चुंबकीय लहरी मोजल्या. कपाळामागे, बाजूला जरा खाली, एक छोटा भाग आहे. चेहऱ्यावर लक्ष असेल तेव्हा तो चेहऱ्याच्या भागाशी लय जुळवून चालतो, घरावर असेल तेव्हा जागेच्या भागाशी. आणि त्या लयीत कपाळामागचा भाग सुमारे २० मिलिसेकंद पुढे असतो. तबल्याच्या साथीला बसलेल्या माणसाला हे लगेच कळेल: कोण लय धरतंय आणि कोण तिच्या मागून जातंय. ओळखण्याची आज्ञा मेंदूच्या पुढच्या बाजूने मागे जाते. तुमच्या बाबतीत ती आज्ञा किल्लीसाठी निघालेली होती.

आता तुम्ही म्हणाल, पण चेहरा तर खास असतो ना? तान्हं बाळसुद्धा चेहऱ्यासारख्या आकाराकडे वळतं. खरं आहे. चेहरा पाहिल्यावर सुमारे १७० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाच्याही आत, डोक्यावर लावलेल्या तारांमध्ये एक ठराविक लहर दिसते. १९९६ मध्ये श्लोमो बेंटिन आणि सहकाऱ्यांनी ती नोंदवली. चेहरा इतर वस्तूंपेक्षा लवकर आत शिरतो, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की लक्ष पूर्णपणे दुसरीकडे असतानाही तो शिरतो का. यावर संशोधकांत सरळ सरळ दोन बाजू होत्या. २००१ मध्ये पॅट्रिक व्ह्युइलूमिए यांच्या गटाने दाखवलं की घाबरलेला चेहरा, लक्ष नसतानाही, मेंदूतल्या भीतीच्या केंद्राला हलवतो. त्याच अभ्यासात चेहऱ्यांच्या भागातलं काम मात्र लक्ष दिलं की वाढत होतं आणि काढलं की उतरत होतं. पुढच्या वर्षी लुईस पेसोआ आणि सहकाऱ्यांनी लोकांना खूप अवघड दुसरं काम दिलं, तेव्हा भीतीच्या केंद्राचं ते हलणंही नाहीसं झालं.

माझं स्वतःचं मत रुग्णांच्या अनुभवावरून बनलं आहे. 'इथे कोणाचा तरी चेहरा आहे' एवढं मेंदू फुकटात देतो, हातातलं काम हलकं असेल तर. 'हा कोणाचा' हे तो फुकटात देत नाही. आणि काम अवघड असेल तर पहिलंही देत नाही. धुळीत, पायांच्या गर्दीत, मळकट फरशीवर किल्ली शोधणं हे मेंदूच्या दृष्टीने फार जड काम आहे. घरी जायचं कसं ही काळजी त्यात मिसळली की आणखी जड.

त्यात आत्यांनी हाक मारली नाही. हे मी त्यांना दोष देण्यासाठी म्हणत नाही. पण स्वतःचं नाव ही एक वेगळी किल्ली आहे. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी लोकांना एका कानातलं बोलणं मोठ्याने म्हणत राहायला लावलं आणि दुसऱ्या, दुर्लक्षित कानात त्यांचं नाव घातलं. साधारण तिघांतल्या एकाने ते ऐकलं. त्या कानातलं बाकी बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. आत्यांनी तुमच्या घरच्या नावाने हाक मारली असती तर तुम्ही दचकून वर बघितलं असतं, अशी मला बरीच आशा आहे.

'पण तिने माझ्याकडे बघितलं' हे आत्यांचं म्हणणं उरतंच. त्यासाठी एक उदाहरण देते, ते माझ्या ओळखीच्या सगळ्या डॉक्टरांना अस्वस्थ करतं. २०१३ मध्ये ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ यांनी २४ अनुभवी रेडिओलॉजिस्टांना फुफ्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितल्या. एका स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घातलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलं नाही. डोळ्यांच्या हालचाली टिपणारं यंत्र लावलेलं होतं, आणि ज्यांना दिसलं नाही त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांची नजर थेट गोरिलावर पडून गेली होती. ही माणसं आयुष्यभर बघण्याचंच काम करतात! नजर पडणं आणि दिसणं यांच्यात एवढं अंतर आहे.

मला सांगायचंय ते मुख्यतः हेच. ओळखणं ही लक्षाच्या जोरावर होणारी गोष्ट आहे, आणि लक्ष ही मोजकी चीज आहे. ते प्रेमाच्या प्रमाणात वाटलं जात नाही, त्या क्षणीच्या कामाच्या प्रमाणात वाटलं जातं.

रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीत, मला हे उलट्या बाजूने दरवर्षी कळतं. राजवाड्यासमोर हजारो चेहरे, सगळे गुलालाने माखलेले. आपण चेहरा ओळखतो तो बराचसा उजेड-अंधाराच्या मांडणीवर: डोळ्यांच्या खोबणी कपाळापेक्षा आणि गालांपेक्षा गडद असतात. गुलाल ती मांडणीच पुसून टाकतो. एमआयटीतले पवन सिन्हा आणि त्यांचे सहकारी यांनी डोळ्यांभोवतीच्या याच फरकावर काम केलं आहे. फोटोची निगेटिव्ह घेतली तर चेहरा ओळखायला एवढा त्रास का होतो, याचं बरंचसं उत्तर तिथे आहे. तरीही मी माझ्या भावाला गेरीत दोनशे पावलांवरून ओळखते, त्याच्या डाव्या खांद्याच्या झुकण्यावरून. कारण मी त्यालाच शोधत असते. त्याच वेळी शेजारच्या वहिनी मला खेटून जातात, आणि रात्री विचारतात, एवढी काय घाई होती?

आता मुद्दा तुमच्या भीतीचा, कारण तो खरा आहे आणि त्याला नीट उत्तर हवं.

तुम्ही लिहिलंय, 'मला यातलं काहीही आठवत नाही.' वडिलांचा आजार जवळून पाहिलेल्या माणसाला हे वाक्य घाबरवणारच. पण आठवणीतून गेलेलं आणि मुळात नोंदच न झालेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत्या भेटल्या आणि नंतर तुम्ही विसरलात असं नाही झालं. त्या तुम्हाला भेटल्याच नाहीत. कसोटी सोपी आहे: किल्ली पडल्याचं, ती शोधल्याचं आठवतं ना? तुम्ही प्रश्नात ते नीट क्रमाने सांगितलंय. अल्झायमरच्या सुरुवातीला साधारण उलट दिसतं. माणूस समोरच्याला ओळखून, चहा पिऊन, गप्पा मारून जातो, आणि दुसऱ्या दिवशी ती भेटच हरवलेली असते. पन्नाशीकडे येताना ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर न येणं हेही फार जणांना होतं. तेवढ्यावरून तपासण्यांच्या मागे लागू नका.

काळजी कशाची करायची तेही सांगते. शांतपणे समोर बसून, पूर्ण लक्ष देऊन बघूनही जवळच्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटेना, आणि त्याने तोंड उघडलं की आवाजावरून लगेच ओळखू आला, तर हे चेहऱ्यांच्याच भागाचं दुखणं असू शकतं. त्याला प्रोसोपॅग्नोशिया म्हणतात. हे नाव १९४७ मध्ये योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरांनी दिलं. काही जणांना ते जन्मापासून असतं, शंभरांत साधारण दोघांना, आणि त्यांतल्या पुष्कळांना स्वतःलाच माहीत नसतं. ते आयुष्यभर चपला, चाल, केसांची ठेवण यांवर निभावून नेतात आणि लोकांच्या तोंडून 'घमेंडी' हा शब्द ऐकत राहतात. तुम्हाला लहानपणापासून असं होत असतं तर तुम्ही ते लिहिलं असतं. ओळखणं हळूहळू आणि वारंवार चुकायला लागलं, रोजच्या रस्त्यावर वाट चुकायला लागली, हिशेब, स्वयंपाकाचा क्रम बिघडायला लागला, आणि हे तुमच्यापेक्षा घरच्यांच्या जास्त लक्षात यायला लागलं, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. आणि हे सगळं अचानक, तासाभरात झालं, तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तर वाट बघू नका, मालिशवाल्याकडे तर मुळीच जाऊ नका. लकव्याची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

लकव्याचा विषय निघालाच आहे तर एका रुग्णाबद्दल सांगते, कारण लक्ष गेलं की काय काय जातं हे मी त्यांच्याकडून शिकले. मल्हारगंजाच्या बाजूचे, सत्तरीचे एक काका. मेंदूच्या उजव्या बाजूला, वरच्या मागच्या भागात लकव्याचा घाव. डोळे चांगले, बोलणं चांगलं, हिशेब तोंडी. मी नवी होते, आठवडाभर त्यांच्या पलंगाच्या डाव्या बाजूला खुर्ची टाकून बसत होते. ते माझ्याकडे बघेनात. मी कागदावर लिहिलं, 'रुग्ण नाराज आहे, सहकार्य करत नाही.' त्यांचा मुलगाही डावीकडेच बसायचा, आणि रोज रडवेला होऊन घरी जायचा. आठव्या दिवशी चहाचा कप ठेवायला मी उजवीकडे गेले, तर काका म्हणाले, "आलीस का बेटा, आठवडाभर कुठे होतीस?" त्यांच्यासाठी जगाची डावी बाजू उरलीच नव्हती. ताटातली डावीकडची पोळी तशीच राहायची, दाढी अर्ध्याच चेहऱ्याची व्हायची. ते वाक्य मी कागदावरून खोडलं, पण मुलाने काढलेले ते आठ दिवस मला परत देता आले नाहीत.

पुढे मी त्यांना म्हटलं, डोळे मिटा, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहा आणि घरं सांगा. त्यांनी उजवीकडची सगळी सांगितली: किराणावाला, ओटल्यावर बसणारे गुरुजी, पिठाची गिरणी. डावीकडचं एकही नाही. मग म्हटलं, आता गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून तोंड इकडे करा. लगेच मघाची हरवलेली बाजू आली, शिंप्याचं दुकान, कडुनिंब, बहिणीचं घर, आणि किराणावाला, गुरुजी, गिरणी सगळे नाहीसे. घरं सगळी त्यांच्या डोक्यात होती. तिथपर्यंत पोचवणारं लक्ष नव्हतं. हीच परीक्षा इटलीत एदोआर्दो बिझिआक आणि क्लाउदिओ लुत्सात्ती यांनी मिलानच्या कॅथीड्रलसमोरच्या चौकाची आठवण काढायला लावून घेतली होती, १९७८ मध्ये. मी वाचलेली होती. तरी काकांच्या तोंडून बहिणीचं घर येताना आणि जाताना ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला.

अशा रुग्णांतही चेहऱ्याचं वजन दिसतं. दोन्ही बाजूंना एकदम काहीतरी दाखवलं की डावीकडचं त्यांना दिसत नाही. पण डावीकडे साध्या आकाराऐवजी चेहरा असेल तर तो कमी वेळा हरवतो, असं व्ह्युइलूमिए यांनी २००० मध्ये नोंदवलं. मी घरच्यांना हे सांगते तेव्हा त्यांना धीर येतो: उजवीकडे बसा, मग रोज थोडं थोडं डावीकडे सरका, चेहरा समोर ठेवा, नावाने हाक मारा.

आता आत्यांबद्दल. त्या नुसत्या रुसलेल्या नसाव्यात असं मला वाटतं. तुमचे वडील म्हणजे त्यांचा भाऊ. त्या भावाने शेवटी त्यांना ओळखलं नव्हतं. खजुरी बाजारात त्याच भावाच्या मुलीने त्यांच्या डोळ्यांत बघून मान खाली घातली. त्यांना तुमचा राग आला असेल, पण त्याआधी पोटात गोळा आला असेल. फोनवर समजावू नका. घरी जा. त्यांना विचारा, बाबांनी तुला ओळखलं नाही तो पहिला दिवस कोणता होता. आणि तुमची भीतीही सांगा, माझ्यापाशी मांडलीत तशीच. दोघी एकाच गोष्टीला घाबरल्या आहात. हवं तर त्यांचाच एक फोटो आणि राजवाड्याचा एक, एकात एक मिसळून फोनवर घेऊन जा, आणि त्यांना मजले मोजायला लावा.

आणि एक काम आजच करा. किल्लीला लाल रंगाचा, ठसठशीत लोकरीचा गोंडा बांधा. अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड यांनी १९८० मध्ये दाखवलं होतं, की शोधायची वस्तू एखाद्या ठळक गुणाने, म्हणजे रंगाने वगैरे, वेगळी असली तर ती गर्दीतून आपणहून पुढे येते, एकेक गोष्ट तपासत बसावं लागत नाही. शोध हलका झाला की लक्ष मोकळं राहतं. पुढच्या वेळी बाजारात किल्ली पडली तर गोंडा बघा, उचला, आणि मान वर करा.